राजा सर टी. माधवराव : कुंभकोणमचे मुत्सद्दी

कावेरी आणि अरशलार या दोन प्रवाहांच्या बेचक्यात कुंभकोणम् वसले आहे. तंजावरपासून ते अवघे पंचवीस मैलांवर. भोवती भाताची खाचरे, विड्याच्या पानांचे मळे, कासारांची घरे आणि जिकडे पाहावे तिकडे गोपुरे. या गावात आणि त्रिभुज प्रदेशातील मन्नारगुडी, तिरुवैयारू, मायवरम् यांसारख्या गावांत शेकडो मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आली. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले. त्यांच्यामागून आलेल्या कारभाऱ्यांची, फडणिसांची, शास्त्र्यांची आणि शिलेदारांची ही संतती. तमिळ शेजारी यांतील देशस्थांना 'रायर' म्हणतात. घरात मराठी, दारात तमिळ, आणि आडनावाच्या जागी नुसते 'राव' असा यांचा रिवाज. ज्या देशस्थ घराण्यातून राजा सर टी. माधवराव पुढे आले, ते घराणे याच कुंभकोणमचे. त्यांच्या नावामागील 'टी' हे अक्षर तंजावरचे. आडनाव टाकले तरी गाव टाकले नाही, असे आम्हांस या एका अक्षराकडे पाहून वाटते.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणा पूर्वजाचे चरित्र द्यावे याचा विचार करताना माधवरावांचे नाव आमच्यापुढे आले, त्याचे कारण त्यांची मोठी पदे नव्हे. पदे पुष्कळांना मिळाली. ज्यांचे स्वतःचे राज्य डोळ्यांदेखत बुडाले, त्यांनी उरलेले आयुष्य दुसऱ्यांची राज्ये बुडू नयेत म्हणून वेचले, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटली.

माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी झाला. त्या वेळी तंजावरास दुसरे सरफोजी राजे हयात होते; परंतु १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता आणि राजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली होती. राज्य गेले तरी कारभाराची विद्या मात्र लोकांपाशी राहिली. जमाबंदीची कागदे, मोडी लिपीतील हिशेब, तहनाम्यांचे मसुदे हे सारे तंजावरच्या रायरांना घरातच शिकावयास मिळे. त्या काळी मद्रास इलाख्यातील कचेऱ्यांचे हिशेबही पुष्कळ ठिकाणी मराठीतच लिहिले जात, त्यामुळे या मंडळींना सर्वत्र मागणी असे. पश्चिमेस डोंगरापलीकडील त्रावणकोर संस्थानाने तर तंजावरच्या मराठ्यांना दिवाण म्हणून आणण्याची जणू प्रथाच पाडली. रेड्डीराव, वेंकटराव, सुब्बाराव, रंगराव ही एकापाठोपाठ एक आलेली नावे. यांपैकी सुब्बारावांनी स्वाती तिरुनाळ महाराजांस इंग्रजी शिकविले. वेंकटराव हे माधवरावांचे चुलते आणि रंगराव हे वडील. म्हणजे दिवाणगिरी ही या घरी नवलाची वस्तू नव्हती.

माधवरावांचा वारसा मात्र मोडीचा नव्हता, इंग्रजीचा होता. १८४१मध्ये मद्रासला सरकारी हायस्कूल निघाले. पुढे त्याचेच प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. तेथे एअर बर्टन पॉवेल नावाचे विद्वान गुरू होते आणि त्यांच्या हाताखाली जी पहिली मुले तयार झाली त्यांत माधवराव अग्रभागी होते. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे आवडते विषय. १८४६मध्ये ते सन्मानाने उत्तीर्ण झाले आणि काही काळ पॉवेलसाहेबांच्या जागी त्यांनी शिकविलेही. त्याच शाळेत त्यांच्याबरोबर शेषय्या शास्त्री नावाचे तंजावर जिल्ह्यातीलच एक तमिळ विद्यार्थी होते. त्यांचा उल्लेख पुढे येईल. कुंभकोणमचे प्रसिद्ध सरकारी कॉलेज १८५४मध्ये निघाले. माधवरावांच्या लहानपणी ते असते तर कदाचित ते मद्रासला गेलेही नसते!

मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत थोडे दिवस काढल्यावर १८४९मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वय अवघे एकवीस. चार वर्षे त्यांनी आयिल्यम् तिरुनाळ आणि विशाखम् तिरुनाळ या दोघांस शिकविले. नंतर ते महसूल खात्यात गेले आणि दिवाण पेशकार म्हणून दक्षिण विभाग सांभाळू लागले.

अशात १८५५ साल उजाडले. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला तंजावरचे दुसरे शिवाजी राजे औरस पुत्र नसताना निवर्तले. लॉर्ड डलहौसीच्या धोरणाप्रमाणे कंपनी सरकारने गादी खालसा केली आणि पुढील वर्षी राजवाड्यावर मोहरा लावल्या. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली. परंतु १८५९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की, ही राजसत्तेची कृती असल्याने न्यायालयास तीत हात घालता येत नाही. खाजगी मालमत्ता पुढे १८६२मध्ये परत मिळाली, राज्य मिळाले नाही. आणि योगायोग असा की, त्याच १८५५मध्ये त्रावणकोर दरबारासही कारभार सुधारा, नाही तर संस्थान हाती घ्यावे लागेल, अशा अर्थाची ताकीद आली होती. तंजावरची बातमी आणि ही ताकीद माधवरावांनी एकाच सुमारास ऐकली असणार. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचे होते.

दिवाण म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. पेशवाईत दरबारोदरबारी वकील असत. पुण्याचा वकील दिल्लीस, हैदराबादेस, श्रीरंगपट्टणास राही. बातमी काढी, बोलणी करी, तह ठरवी. तैनाती फौजेच्या तहांनी हे सारे संपले. संस्थानिकाने दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी परभारे पत्रव्यवहार करावयाचा नाही, असे त्या तहांत स्पष्ट लिहिलेले असे. उरला तो एकच दरवाजा, रेसिडेंटाचा. त्या दरवाजात उभे राहून आपल्या धन्याची बाजू मांडावयाची, वरून आलेला हुकूम सल्ल्याच्या भाषेत राजास सांगावयाचा, आणि दोघांचाही विश्वास टिकवावयाचा, हे काम दिवाणाकडे आले. आज परराष्ट्र सेवेतील अधिकारी पायरी पायरीने चढत राजदूत होतो आणि एका देशातून दुसऱ्या देशात बदलीवर जातो. एकोणिसाव्या शतकात आपल्या लोकांस राजदूत होण्याची सोय नव्हती. तिच्या सर्वांत जवळचा व्यवसाय हाच, आणि माधवरावांचा मार्गही तसाच आहे: शिक्षक, पेशकार, मग तीन संस्थाने.

दिवाण कृष्णराव १८५७मध्ये वारले आणि माधवरावांकडे हंगामी कारभार आला; पुढील वर्षी ते कायम झाले. देशभर बंडाची धामधूम चालू होती. त्रावणकोरची तिजोरी रिकामी होती, नोकरांचे पगार थकलेले होते, इंग्रजांस द्यावयाची वार्षिक खंडणी अंगावर होती आणि देवस्थानाचे कर्ज घेऊन दिवस ढकलले जात होते. नव्या दिवाणाने पहिल्या काही वर्षांतच मिऱ्यांचा आणि तंबाखूचा सरकारी मक्ता मोडला, किरकोळ कर काढून टाकले आणि मालावरची जकात उतरविली. कर कमी करून उत्पन्न वाढवावयाचे, ही गोष्ट दरबारातील जुन्या मंडळींस वेडेपणाची वाटली असल्यास नवल नाही. पण व्यापार वाढला आणि कर्ज फिटले. १८६५मध्ये सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर पूर्ण मालकी देणारा जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थान, कोचीन आणि त्रावणकोर यांच्यामध्ये जकातीचा करार होऊन तिन्ही प्रदेशांतील मालास एकमेकांत मोकळीक मिळाली. लहान राज्याने मोठ्या सत्तेशी व्यापाराचा करार करताना काय सोडावे आणि त्याची भरपाई काय मागावी, याचा हा चांगला नमुना आहे. कारभाराचा वार्षिक अहवाल इंग्रजीत छापून प्रसिद्ध करण्याचा पायंडाही त्यांनी पाडला. यात हिशेबाची शिस्त होतीच. पण कलकत्त्यास आणि लंडनला जे लोक संस्थानी कारभारास नावे ठेवीत, त्यांच्या हाती आपलेच आकडे आपणच द्यावेत, हा धोरणीपणाही होता.

त्यांच्या मुत्सद्देगिरीची खरी कसोटी मात्र एका मामुली चोरीच्या खटल्यात लागली. अलेप्पी बंदरात संस्थानचा व्यापारी एजंट म्हणून जॉन लिडेल नावाचा एक युरोपियन गृहस्थ नोकरीस होता. १८६८मध्ये त्याच्यावर सरकारी पैशाच्या अपहाराचा आरोप आला, संस्थानने नेमलेल्या खास न्यायालयापुढे चौकशी झाली आणि शिक्षा झाली. गोऱ्या माणसास काळ्या राजाच्या न्यायालयाने तुरुंगात घालावे, ही कल्पनाच त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांस सोसणारी नव्हती. मद्रास सरकारने खटला बेकायदा ठरवून कैद्याची सुटका करण्याविषयी लिहिले. येथे दोन मार्ग होते. निमूट कैदी सोडावा आणि साहेबाची मर्जी राखावी, अथवा तक्रार करून रोष ओढवून घ्यावा. माधवरावांनी तिसराच मार्ग धरला. त्यांनी तहनामे काढले. त्यांचा मुद्दा असा की, आपल्या हद्दीत राहणाऱ्यांचा न्याय करणे हा राज्याचा मूळचाच हक्क आहे; तहाने काही हक्क त्रावणकोरने सोडले हे खरे, पण हा हक्क सोडल्याचे कोणत्याही तहात लिहिलेले नाही; आणि जे सोडले नाही ते राज्यापाशीच राहते. आवाज न चढविता, आर्जव न करता लिहिलेल्या या पत्रव्यवहाराने काम केले. मद्रास सरकारने कायदेपंडितांचा सल्ला पुन्हा घेतला आणि शेवटी त्रावणकोरचे म्हणणे मान्य केले. तंजावरच्या वेळी राजसत्तेच्या कृतीपुढे कायदा पांगळा ठरला होता. येथे कायद्याच्या अक्षराने राजसत्तेस मागे पाऊल घ्यावयास लावले. आमच्या मते माधवरावांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विजय हाच, मग त्यांच्या चरित्रांत त्याला चार ओळी का मिळेनात.

सर्वच ठिकाणी ते असे दूरदृष्टीने वागले असे म्हणता येत नाही. दक्षिण त्रावणकोरातील नाडार स्त्रियांनी छातीवर वस्त्र घ्यावे की नाही, या प्रश्नावर १८५८च्या अखेरीस नागरकोईलच्या परिसरात दंगे झाले. दिवाणांनी प्रथम काढलेल्या फर्मानात जुनी रूढी मोडू नये अशीच ताकीद होती. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी जोर लावल्यावर जुलै १८५९मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला आणि त्या स्त्रियांस अंग झाकण्याची मोकळीक मिळाली. तीही उच्च वर्णाच्या स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये या अटीवर. राज्य राखणारा कारभारी रूढीसही राखू पाहतो तेव्हा काय होते, ते येथे दिसते. हा भाग झाकून ठेवला तर चरित्र खोटे होईल.

१८६६मध्ये त्यांस के. सी. एस. आय. हा किताब मिळाला. त्रावणकोरला लोक आदर्श संस्थान म्हणू लागले. परंतु ज्यांस त्यांनी शिकविले त्या आयिल्यम् तिरुनाळ महाराजांचेच मन त्यांच्याविषयी हळूहळू कलुषित झाले आणि १८७२मध्ये माधवरावांनी दिवाणगिरी सोडली. त्यांच्या जागी आले ते मद्रासच्या शाळेतील सोबती शेषय्या शास्त्री! कावेरीकाठच्या माणसाची जागा कावेरीकाठच्याच माणसाने घेतली. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटात हेन्री फॉसेट यांनी माधवरावांची गणना फ्रान्सच्या तुर्गोसारख्या अर्थमंत्र्यांच्या पंक्तीत केली आणि अशा माणसास रिकामे का बसविले आहे, अशा आशयाचा प्रश्न उपस्थित केला.

रिकामे बसणे फार दिवस टिकले नाही. इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी हिंदुस्थान सरकारकडे कारभारी मागितला आणि १८७३मध्ये माधवराव इंदूरला गेले. मराठी माणसाच्या घरी मराठी राजाचा कारभार, असा हा पहिलाच प्रसंग. तेथे त्यांनी दंडसंहितेचे काम हाती घेतले. परंतु तुकोजीराव स्वतःच कारभारात मुरलेले असल्याने दिवाणास फारसा वाव नव्हता. त्यांच्यामागून त्यांचे चुलतबंधू आर. रघुनाथराव तेथे दिवाण झाले.

बडोद्याचा प्रसंग मात्र अटीतटीचा होता. मल्हारराव गायकवाड यांच्या कारभाराविषयी तक्रारी साचल्या होत्या. दादाभाई नौरोजींनी थोडे दिवस दिवाणगिरी करून पाहिली आणि ते बाहेर पडले. नोव्हेंबर १८७४मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांस सरबतातून विष घालण्याचा प्रयत्न झाल्याचा आरोप आला. तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांचे चौकशी मंडळ बसले. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव होते. इंग्रजांनी मल्हाररावांस दोषी धरले, हिंदी सभासदांस आरोप शाबीत वाटला नाही. मंडळ दुभंगले तरी एप्रिल १८७५मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांस पदच्युत करून मद्रासला पाठविण्यात आले. आता गादीचे काय, हा प्रश्न होता. वीस वर्षांपूर्वी असा प्रश्न आला असता तर बडोदे खालसाच झाले असते. १८५७ने शिकविलेला धडा म्हणून असो वा लोकमताच्या भीतीने असो, सरकारने संस्थान राखण्याचे ठरविले. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. आणि मुलगा सज्ञान होईतो राज्य चालविण्यास माधवराव दिवाण म्हणून आले.

या साडेसहा वर्षांत त्यांनी इजारदारांची पद्धत मोडून सारा थेट वसूल करण्याची व्यवस्था केली, सुभे पाडून त्यांवर सुभे नेमले, वरिष्ठ न्यायालय स्थापिले, सावकार, जवाहिरे आणि सरदार यांचे वर्षानुवर्षांचे दावे मिटविले. १ जानेवारी १८७७च्या दिल्ली दरबारात त्यांस राजा हा किताब मिळाला. बालमहाराजांच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट होते, परंतु राजाने कसे वागावे, रेसिडेंटाशी कसे बोलावे, कोणत्या कागदावर सही करण्यापूर्वी काय विचारावे, हे धडे १८८१मध्ये माधवरावांनी स्वतः दिले. ही इंग्रजी व्याख्याने पुढे छापली गेली. त्यांत उपदेशापेक्षा सावधपणा अधिक आहे. मुत्सद्द्याने आपली सारी पुंजी एका तरुणाच्या ओंजळीत घालावी, तसे ते पुस्तक आहे.

तंजावर आणि बडोदे यांची सोयरीकही याच काळात झाली. जानेवारी १८८०मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातील कन्येशी झाला. लग्नानंतर त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तकींचे आणि वादकांचे पथक बडोद्यास आले, आणि कावेरीकाठचे भरतनाट्य गायकवाडांच्या दरबारात नाचू लागले. १८८५मध्ये चिमणाबाई अकाली निवर्तल्या, पण कलावंत बडोद्यास राहिले. ज्या तंजावरची गादी खालसा झाली होती, तेथील मुलगी एका राखलेल्या गादीवर राणी झाली. दिवाण तंजावरचे असताना हे घडले, यात आम्हांस केवळ योगायोग दिसत नाही.

डिसेंबर १८८१मध्ये सयाजीरावांनी अधिकार हाती घेतले आणि १८८२मध्ये माधवराव बडोदे सोडून निघाले. तरुण महाराजांस स्वतःच्या बुद्धीने चालावयाचे होते. अज्ञानपणात आपल्या नावाने इंग्रजांस नको तितके देऊन टाकले गेले, ही खंत त्यांनी पुढे बाळगली. तिच्यात तथ्य आहे. परंतु राज्य राखावयाचे तर थोडे सोडावेच लागते, हे ज्याने १८५५मध्ये पाहिले तो माणूस, आणि राज्य राखलेलेच हाती आले तो माणूस, यांचे माप एक असणे अवघडच होते.

उरलेली वर्षे माधवरावांनी मद्रासच्या मैलापुरात काढली. तेथे हर्बर्ट स्पेन्सरचे वाचन, वर्तमानपत्रांत लेख, मुलांच्या संगोपनावर एक पुस्तिका असा त्यांचा क्रम चाले. १८८५मध्ये मलबारच्या जमीनधारणेच्या चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते. १८८७ची काँग्रेस मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरली, तिच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. दोन वर्षांनी कायदे कौन्सिलांच्या प्रश्नावर मतभेद होऊन ते बाजूस झाले. आयुष्यभर बंद दाराआड बोलणी केलेल्या माणसास सभेचे व्यासपीठ मानवले नसावे.

जानेवारी १८९१मध्ये त्रावणकोरात दहा हजारांवर लोकांच्या सह्यांचा एक अर्ज महाराजांपुढे आला. तो मलयाळी मेमोरियल या नावाने प्रसिद्ध आहे. राज्यातील मोठ्या जागा परदेशी ब्राह्मणांस मिळतात, भूमिपुत्रांस नाही, अशी त्यातील तक्रार होती. परदेशी म्हणजे तमिळ आणि आपण मराठी. त्या वेळी दिवाणगिरीवर रामराव हे आणखी एक तंजावरी मराठी गृहस्थ होते. तक्रार अवास्तव नव्हती. दोन पिढ्या ज्यांच्या कर्तबगारीचा आम्ही अभिमान धरतो, ती त्या भूमीतील सुशिक्षितांस आपल्या वाटेतील धोंड वाटू लागली होती. परमुलखात राहणाऱ्या आपण सर्वांनी हे पानही वाचावे, म्हणून येथे नमूद केले आहे.

माधवराव तेव्हा अंथरुणास खिळले होते. डिसेंबर १८९०मध्ये त्यांस अर्धांगाचा झटका आला होता, आणि ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापुरातच त्यांचे देहावसान झाले. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. ती सचिवालयाची इमारत त्यांच्याच कारकीर्दीत बांधली गेली. पुतळ्यावरून त्या चौकाचे नाव 'स्टॅच्यू' पडले आणि बसचा थांबाही त्याच नावाने ओळखला जातो. त्यांचे चिरंजीव टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्या आधी त्या पदावर असलेले व्ही. पी. माधवराव हेही कुंभकोणमचेच, आणि त्यांनीही त्रावणकोर व बडोदे येथे दिवाणगिरी केली. त्यामुळे जुन्या कागदांत या दोन माधवरावांची गल्लत फार होते. वाचकांनी नावाआधीची अक्षरे तेवढी पाहून घ्यावीत.